हिरव्याला महाग मेंढे

अन्सेल्मो तेचेराने मालकाचे मेंढे मारले, असं अजूनही दुकानाच्या बाकावर बसून कोणी म्हणालं, की मी हातातलं सामान तिथेच ठेवते आणि भांडायला उभी राहते. वय झालंय, गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. ज्यांनी त्या माणसाला मेंढीचं तोंड उघडताना पाहिलं नाही, त्यांनी त्याच्याबद्दल तोंड उघडू नये. मी पाहिलंय. लाराल्देच्या मोठ्या घरात मी स्वयंपाकीण होते, आणि माझ्या चुलीसमोरच्या खिडकीतून अंगण, मेंढरं बुचकळायचा औषधाचा हौद आणि प्रदर्शनाच्या मेंढ्यांचा गोठा, सगळं दिसायचं.

रूपाने अन्सेल्मो काही बघण्यासारखा नव्हता. बुटका, जन्म घोड्यावर गेल्यामुळे पाय बाकलेले, एक कान बहिरा. माणसांशी बोलायचं तर त्याच्या जिवावर यायचं. पण हात! आमच्याकडे मेंढीला औषध पाजायचं म्हणजे दोन गुडघ्यांत मान आवळायची, पिचकारी दातांवर आपटत घशात खुपसायची आणि ढकलून द्यायची पुढे. निम्मं औषध श्वासनळीत जातं, जनावर खोकून खोकून मरतं, आणि पाजणारा म्हणतो, अशक्तच होती. अन्सेल्मो ओठांच्या कोपऱ्यात, जिथे दात नसतात तिथे, नुसतं बोट घालायचा. मेंढी आपण होऊन तोंड उघडायची. हनुवटी कधी वर ताणायचा नाही. जिभेच्या उंचवट्यापलीकडे औषध सोडायचा आणि ती गिळेपर्यंत थांबायचा. वर तिच्याशी बोलणं चालूच. "घे गं बाई. वास वाईट आहे, मला माहीत आहे. घे, झालं."

त्याची बायको इसोलिना एकदा कुंपणावर हनुवटी टेकून हे बघत होती. म्हणाली, "एवढ्या लाडाने मला कधी पाणी विचारलं नाहीस."

"तू गिळण्याआधी थुंकतेस," तो म्हणाला.

त्यांच्या धाकट्या लेकीच्या बाप्तिस्म्याला मी तिची धर्मआई झाले, तेव्हापासून तो मला कोमाद्रे म्हणायचा आणि माझ्याशी दोन वाक्यं जास्त बोलायचा.

त्याचं झोपडं ओढ्याच्या वळणावर होतं. तिथली जमीन पाणथळ. लाराल्देला ती नको होती, म्हणून अन्सेल्मोला तिथे स्वतःची थोडी मेंढरं ठेवायची मुभा होती. भर हिवाळ्यात, माळावर गवताच्या काड्या उरलेल्या असताना, त्या वळणावर हिरवंगार असायचं. पण त्या हिरव्यात गोगलगायी, आणि गोगलगायींतून येतो साग्वाइपे, तो पानासारखा चपटा किडा. मेंढरांच्या काळजात, म्हणजे यकृतात, जाऊन बसतो आणि आतून पोखरतो. त्यामुळे लाराल्दे त्या वळणाला 'किड्यांचं घर' म्हणायचा, आणि अन्सेल्मोच्या मेंढरांना त्याहून वाईट काहीतरी.

आता लाराल्देच्या मेंढ्यांबद्दल सांगते. कोरिडेल जातीचे ते सात नर वर्षातून एकदाच कामाला यायचे, वसंतात, प्रदर्शनाच्या मांडवात. उरलेलं वर्ष त्यांची सेवा. पानगळीपासून त्यांना गोठ्यात कोंडायचं, अंगावर तागाची झूल घालायची आणि खायला ओट, कोंडा आणि गेल्या वर्षीचा वाळका चारा. हिरव्याची एक काडीसुद्धा द्यायची नाही. का, तर हिरवं खाल्लं की शेण पातळ होतं, आणि पातळ शेणाने मागची पांढरी लोकर हिरवी होते. परीक्षक लोकर दोन बोटांनी फाकवून बघतात ना! आमच्या मुलखातले सगळेच बडे मालक असं करतात, एकमेकांचं बघून. लाराल्देने तर हुकूमच काढला होता: गोठ्यात हिरवं दिसलं तर देणाऱ्याची गाठोडी दाराबाहेर. ती बिचारी जनावरं खिडकीच्या फटीतून ओढ्याकडे बघत उभी असायची. मला भाजीचे देठ टाकायचीसुद्धा चोरी. सबंध हिवाळा हिरव्याला महाग केलं त्यांना.

त्या वर्षी सरकारी माणूस आला आणि खरूज-उवांसाठी सगळ्यांची मेंढरं हौदातून काढायची सक्ती झाली. तेव्हा हौदात डीडीटी टाकायचे. मेंढे बुडवले, अन्सेल्मोची मेंढरंही बुडवली. त्यानंतर आठवड्याने साग्वाइपेचं औषध. ते नेहमीचंच, तेलात मिसळलेलं, गोडसर उग्र वासाचं. मोठ्या कळपाला नंतर द्यायचं होतं. प्रदर्शन तोंडावर, म्हणून आधी मेंढ्यांना. लाराल्दे स्वतः अंगणात येऊन म्हणाला, "तेचेरा, तुझी ती मरतुकडीही आण. माझ्या ओढ्यात किडे पेरतात. त्यांनाही याच बाटलीतलं पाज."

अन्सेल्मोने पाजलं. एकाच दिवशी, एकाच बाटलीतून, एकाच पिचकारीने. आधी मालकाचे मेंढे, मग स्वतःची मेंढरं. मी खिडकीत बटाटे सोलत बसले होते, एकही जनावर खोकलं नाही.

दोन दिवसांनी मेंढ्यांनी कोंड्याला तोंड लावणं सोडलं. मग एक बसला तो उठलाच नाही. पाठोपाठ दुसरा. तिसरा, सगळ्यांत देखणा, ज्याच्यावर लाराल्देचा जीव होता, तो भिंतीला डोकं टेकून उभ्या उभ्या कोसळला. उरलेले चौघे डोळे मिटून थरथरत होते. आणि तिकडे ओढ्याच्या वळणावर अन्सेल्मोची मरतुकडी मजेत चरत होती. त्यातली एकही आजारी पडली नाही.

झालं. लाराल्देला तेवढंच पुरलं. सगळ्या गड्यांना अंगणात गोळा केलं आणि अन्सेल्मोला मध्ये उभं केलं.

"तुझी कशी जगली?"

"माहीत नाही, मालक."

"माहीत नाही? मी सांगतो. माझ्यांना दुप्पट पाजलंस आणि स्वतःच्यांना नुसतं तेल. माझी भाकरी खाऊन माझ्याच गोठ्यात विष कालवलंस. खुनी आहेस तू, तेचेरा. जनावरांचा खुनी."

अन्सेल्मोचा चेहरा मातीसारखा झाला. त्या माणसाला भांडता येत नव्हतं हो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दारात येऊन ओरडले, "मी बघत होते! एकाच मापाने पाजलंय त्याने!"

"तू भांडी घास," लाराल्दे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शहरातून इरुरेता आला, गुरांचा डॉक्टर. पोरसवदा, नवे बूट, सभ्य. मेलेला मेंढा फाडला आणि काळीज माझ्याच पत्र्याच्या परातीत घालून स्वयंपाकघरात आणलं, कारण उजेड तिथे चांगला. मी जन्मभर काळजं चिरली आहेत. निरोगी काळीज गडद, घट्ट आणि ओलसर असतं. हे पिवळट होतं, ठिपक्याठिपक्यांचं, आणि बोट लावलं की शिळ्या केकसारखं भुगा होत होतं. मी येर्बाच्या कडू चहासाठी पाणी तापवत होते. मोठ्या लोकांना वाटतं, चुलीजवळच्या बाईला कान नसतात.

"औषधाचं माप बरोबर होतं," डॉक्टर म्हणाला. "जास्त पाजलं असतं तर इतरही खुणा दिसल्या असत्या."

"मग?"

"हे औषध जेवढं बाटलीत विष आहे, त्याहून जास्त विष पोटात गेल्यावर होतं, आणि ते करतं काळीज स्वतःच. काळजात विकरं असतात, कारागीर समजा. आलेली वस्तू तोडायची, हे त्यांचं काम. हे औषध तोडलं की त्याचे जहाल तुकडे उडतात, आणि ते काळजाच्या पेशीपेशीतली चरबी खवट करत सुटतात. एक कण खवटला की शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. त्यात हौदातलं डीडीटी अंगात मुरलेलं. त्याने ते कारागीर दुप्पट जोराने कामाला लागलेले."

"तेचेराची मेंढरंही हौदात बुडवली होती."

"हो. पण त्यांनी हिरवं खाल्लं होतं. ताज्या गवतात ई जीवनसत्त्व असतं. ते त्या चरबीत राहतं आणि उडालेला तुकडा स्वतःच्या अंगावर घेऊन खवटपणा पुढे जाऊ देत नाही. वर्षभर पडलेल्या चाऱ्यात ते उरत नाही. तुमच्या मेंढ्यांच्या काळजात राखण करायला कोणी नव्हतंच. शंभर टक्के शपथेवर सांगता येणार नाही, पण मला दुसरं कारण दिसत नाही."

खवट म्हणजे काय, हे मला कुठल्या डॉक्टरने सांगायला नको. चरबीचा एक डबा उघडा राहिला की कसा वास सुटतो आणि एका कोपऱ्यातून सगळा डबा कसा बिघडतो, हे मी हजारदा पाहिलं आहे. मला तिथेच कळलं. लाराल्देलाही कळलं, नाही असं नाही.

त्याने नळीतून येर्बाचा घोट ओढला. मग म्हणाला, "चाऱ्याचा हुकूम माझा होता."

"सगळेच तसं करतात," डॉक्टर म्हणाला.

"सगळ्यांचे मेंढे मेले नाहीत. हे तुमच्या-माझ्यात राहू द्या, डॉक्टर. शेजाऱ्यांत माझं हसं होईल."

"आणि तेचेरा?"

"त्याला काय होतंय?"

डॉक्टर आपली पिशवी आवरायला लागला. एवढंच म्हणाला, की आधीच्या औषधाने मोठे किडेच मरतात, म्हणून महिन्याने दुसरा डोस लागतो. पण तो या चौघांना देऊ नका. आधी त्यांना हिरव्यावर सोडा, चांगले काही आठवडे. मी ई जीवनसत्त्वाचं तेल मागवतो, पण तेही वेळेत येईलसं नाही.

"हिरव्यावर? प्रदर्शनाच्या आधी?" लाराल्दे हसला. "बघू."

मी कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि सरळ ओढ्याच्या वळणावर गेले. अन्सेल्मोला सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. वाटलं, उसळेल. तो गवतात बसला आणि रडला. मोठा बाप्या माणूस, लहान पोरासारखा नाक पुसत. "म्हणजे माझा हात नव्हता, कोमाद्रे."

"नव्हता! चल, आत्ता जाऊन गड्यांना सांगते. आज संध्याकाळी सगळ्या मुलखाला कळेल."

"नको."

"का नको? अरे, चोर तो चोर आणि वर शिरजोर! तू काय मेंढरू आहेस?"

"तू सांगितलंस तर बाईची बडबड म्हणतील, आणि तुझी नोकरी जाईल. ज्या तोंडाने सगळ्यांसमोर खुनी म्हणाला, त्याच तोंडाने म्हणू दे. मला दुसरं काही नको."

इसोलिना दारातून म्हणाली, "तो म्हणेल आणि ओढा उलटा वाहील." तिला नवऱ्यापेक्षा मालक जास्त कळत होता. पण मी त्याचं ऐकलं आणि गप्प राहिले. राग मात्र रोज पिठासारखा फुगत होता.

तेवढ्या दिवसांत अन्सेल्मोने मेंढे मारल्याची बातमी गावभर झाली. दुकानात अन्सेल्मो शिरला की बोलणी थांबायची. शेजारचा मालक त्याला दरवर्षी औषध पाजायला बोलवायचा, त्या वर्षी त्याचा निरोप आला नाही. ज्याच्याकडे त्या हातांशिवाय काही नव्हतं, त्याचे हातच लोकांनी विटाळले. जगायचं कशावर त्याने?

हिवाळा संपता संपता येणारं सांता रोसाचं वादळ सरलं की प्रदर्शनाआधी लाराल्दे शेजाऱ्यांना मेंढे बघायला बोलवायचा. अंगणात सळईवर अख्खं कोकरू भाजायचं, दारू, गप्पा. त्या वर्षी मला वाटलं होतं, बोलावणार नाही. पण त्याने बोलावलं. डॉक्टरही आला. पहिली ताटं वाढून झाली तसा लाराल्दे टाळी वाजवून उभा राहिला. गोठ्यातून एक मेंढा झुलीसकट बाहेर आणवला, आणि अन्सेल्मोला हाक मारली.

"लोक विचारतात, मी या माणसाला अजून का ठेवलंय. मी न्यायाने वागतो. दुसऱ्या डोसची वेळ झाली आहे. पिचकारी मी स्वतः भरतो, तुम्हा सगळ्यांसमोर मापाने. तेचेराने पाजावं. मेंढा जगला तर पहिल्या वेळी काय झालं ते कळेलच, आणि मेला तरी कळेल."

बघा त्या माणसाचं डोकं! जगला तर पहिल्यांदा दुप्पट पाजलं होतं, मेला तर आताही मारला. दोन्हीकडून अन्सेल्मोच्याच गळ्याला फास. आणि मेंढा मेला तरी चालेल, पण शेजाऱ्यांत हसं नको.

अन्सेल्मोने पिचकारी हातात घेतली. मेंढ्याच्या ओठाशी बोट नेलं. मेंढ्याने सवयीने तोंड उघडलं, आणि त्याने बोट मागे घेतलं.

"मी नाही पाजणार, मालक."

"का?"

"मरेल तो."

"बघितलंत?" लाराल्दे पाहुण्यांकडे वळला. "स्वतःच कबूल करतोय. त्याच्या हातून मरतात."

माझ्या हातात पावाची परात होती. ती मी जमिनीवर आपटली. "त्याच्या हातून नाही, तुमच्या पेंढ्यातून मरतात! सांगा ना यांना, गोठ्यात हिरवी काडी येऊ दिली नाही कोणी? हौदाचं विष अंगात आणि पोटात वाळका भुसा, कसलं काळीज टिकेल त्यात? डॉक्टर, माझ्या परातीत काळीज ठेवून काय बोललात? बोला की! तुमच्या तोंडाला काय झालंय? कोकरू मऊ आहे का एवढं?"

डॉक्टर घास तोंडात घेऊन बसला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने घास गिळला, ताट खाली ठेवलं, आणि आपल्या नव्या बुटांकडे बघत म्हणाला, "बाई खरं बोलते आहे. माप बरोबर होतं. दोष चाऱ्याचा."

अंगणात चरबी निखाऱ्यावर पडून चुरचुरत होती. कोपऱ्यात एक म्हातारा मालक हळूच म्हणाला, "माझेही दोन गेले होते गेल्या साली."

लाराल्देने खांदे उडवले. "बरं. गैरसमज झाला. मांस गार होतंय, मंडळी. तेचेरा, मेंढा आत ने आणि कामाला लाग."

बस्स, एवढंच. महिनाभर एका माणसाला जिवंत सोललं, आणि वर गैरसमज झाला म्हणे!

अन्सेल्मो हलला नाही. "मालक, याच अंगणात मला खुनी म्हणालात."

"मग?"

"नाही म्हणा."

"काय?"

"तेचेरा खुनी नाही, असं म्हणा. तेव्हा म्हणालात तेवढ्याच मोठ्याने."

लाराल्दे लाल झाला. "मी? माझ्या पाहुण्यांसमोर माझ्याच गड्याची माफी मागू? डोकं फिरलंय का तुझं?"

अन्सेल्मोने पिचकारी मेजावर, दारूच्या बाटल्यांच्या मधोमध ठेवली. टोपी घातली आणि निघाला. इसोलिना कुंपणाबाहेर उभी होती. ती ओढ्याकडे सामान बांधायला वळली. तो फाटकापर्यंत पोचला तेव्हा लाराल्देला भान आलं. मोठा कळप तसाच होता, साग्वाइपेने भरलेला, आणि पाजणारा चालला होता.

तो ओरडला. सगळ्या पाहुण्यांसमोर, अगदी मोठ्याने ओरडला. "अरे, मग माझ्या मेंढरांना औषध कोण पाजणार?"

अन्सेल्मो थांबला. वळला. चालत परत अंगणात आला. मी मनात म्हटलं, आला बापडा, वाकला. लाराल्देलाही तसंच वाटलं असणार, कारण तो हसला. अन्सेल्मो त्याच्याकडे न बघताच मेंढ्यापाशी गेला, झुलीच्या गाठी सोडल्या, झूल जमिनीवर टाकली आणि मेंढ्याच्या कानामागे खाजवत म्हणाला, "चल बाबा. तुझा काय गुन्हा?" गोठ्याचं दार त्याने पायाने उघडलं. उरलेले तीन आपण होऊन मागून निघाले. चौघांना घेऊन तो सगळ्या पाहुण्यांच्या मधून गेला, फाटकातून बाहेर, उतारावरून खाली ओढ्याच्या वळणावर, आणि तिथे त्यांना सोडून दिलं. मेंढ्यांनी गवतात माना घातल्या त्या वर काढल्याच नाहीत. तासाभरात त्यांच्या मागच्या लोकरीचा रंग काय झाला असेल, ते मी सांगायला नको.

मग अन्सेल्मो, इसोलिना, पोरी आणि त्यांची मेंढरं ओढा ओलांडून गेली.

"आणा रे त्यांना परत!" लाराल्दे गड्यांवर खेकसला. "ऐकू येत नाही? प्रदर्शन आहे, आणा!"

गडी उभे होते. एकाने टोपी काढून हातात धरली. दुसरा निखारे सारखे करायला लागला, ते सारखेच होते तरी. लाराल्देने माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं, शेजाऱ्यांकडे पाहिलं. मेंढे आणायला कोणीच हललं नाही.